नव्या घराची ओल

मी आजवर सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची बरीवाईट परीक्षणे आली, एखाददुसरा पुरस्कारही पदरात पडला. पण माझ्या लेखणीने प्रत्यक्षात काही हलवले, असे छातीठोकपणे सांगता येईल ते एकाच लेखनाबद्दल. ते म्हणजे आमच्या बिल्डरला लिहिलेली अकरा पत्रे. त्यांत उपमा नाही, अलंकार नाही. तारीख, खोलीचे नाव, भिंतीची दिशा, ओल किती फूट चढली त्याचे माप आणि खाली सही. एवढ्या रुक्ष मजकुराने एका सात मजली इमारतीच्या पश्चिम अंगाला परांची उभी राहिली आणि बाहेरचा गिलावा खरवडून नव्याने झाला. आमचे हे यश मोठे आहे असे मुळीच नाही. पण नवे घर घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या किंवा मुलासुनेला घेऊन देण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्या हकिकतीतून काही उपयोगी पडावे, म्हणून ती सांगतो.

बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी संपली तेव्हा शहरातली जुनी, जिना चढून दम लागणारी जागा विकायची आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचे असे आम्ही उभयतांनी ठरवले. पुण्याच्या वेशीबाहेर, पंधरा वर्षांपूर्वी जिथे ज्वारीची शेते होती तिथे, सात मजल्यांच्या इमारतीत फ्लॅट घेतला. जुन्या जागेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीतला मोठा हिस्सा त्यात गेला. २०२२च्या दसऱ्याला ताबा मिळाला. बिल्डरच्या कचेरीत पेढे वाटले गेले, आमचा फोटो निघाला आणि चावी देण्याआधी एका छापील कागदावर सही घेतली गेली. ‘फ्लॅट पाहिला, काम समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही.’ दारात तोरण लावायची घाई होती. आयुष्यभर कर्जदारांना ‘वाचून सही करा’ असे बजावणाऱ्या माणसाने न वाचता सही केली.

पुढच्या वर्षी जुलैत पाऊस लागला आणि झोपायच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापाशी, एक करडा डाग उमटला. आठ दिवसांत तो हातभर झाला. रंगाचे पोपडे सुटू लागले. त्याच भिंतीला माझे कपाट होते. त्यात पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित फुलस्केप कागदांवर जपून ठेवलेले होते. एका सकाळी गठ्ठा काढला तर पाने एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. सौभाग्यवतींच्या लग्नातल्या शालूलाही बुरशी लागली होती. हस्तलिखिताचे मला वाईट वाटले, पण कादंबरी छापलेली होती. शालूची दुसरी प्रत नव्हती.

साइट इंजिनिअर आला. विशी-पंचविशीतला, गोड बोलणारा मुलगा. ‘काका, नवीन बिल्डिंग आहे, पहिल्या पावसात थोडं पाणी पिणारच. गणपतीनंतर पेंटर पाठवतो. मावशी, तुम्ही काही काळजी करू नका.’ गणपतीनंतर खरोखरच रंगारी आला. त्याने पोपडे खरवडले, लांबी भरली, वर रंगाचा हात दिला. भिंत पुन्हा नवीकोरी दिसू लागली. आम्ही त्याला चहा पाजला. ओल जिथे होती तिथेच होती, हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळायचे नव्हते.

पाणी कुठून येते?

आमच्या मजल्यावर सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी मला बाहेर नेऊन, खाली उभे करून इमारतीची पश्चिम बाजू वाचायला शिकवली. सिमेंट-काँक्रीटचा खांब आणि त्याला लागून असलेली विटांची किंवा हलक्या ठोकळ्यांची भिंत ही दोन वेगळी द्रव्ये. उन्हाने आणि थंडीने ती वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. त्या सांध्यावर गिलावा करण्याआधी तारेची जाळी मारायची असते. ती चुकवली की सांध्यावर उभी भेग पडते आणि पाऊस तिथून आत शिरतो. खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि त्याच्या पोटाला खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकते. आमच्या दगडाला उतार होता, पण आतल्या बाजूला!

गिलावा आणि काँक्रीट भरपूर पाणी मारून मुरवावे लागते. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवायला हवे. मजूर पुढच्या मजल्यावर गेले की मागच्या मजल्यावर पाणी मारायला कोण येतो? न्हाणीघरात फरशी बसवण्याआधी पाणी कोंडून दोनतीन दिवस ठेवतात आणि खालच्या घराचे छत पाहतात. ही चाचणी झाली की नाही, हे घर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

ते गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, यातली एकही गोष्ट महाग नाही. जाळी, उतार, पाणी, चार दिवसांची सबुरी. पण बिल्डर काम देतो ठेकेदाराला, ठेकेदार देतो मजूर ठेकेदाराला, वॉटरप्रूफिंगचा ठेका तिसऱ्याचाच. सबुरी कोणाच्याच बिलात धरलेली नसते.’

बिल्डर म्हणजे खलनायक आणि फ्लॅटधारक म्हणजे साधुसंत, असे चित्र रंगवणे कादंबरीकाराला सोपे आहे. पण मी बँकेत अनेक बिल्डर जवळून पाहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाईट बांधायचे नसते. त्यांना फक्त लवकर बांधायचे असते, कारण व्याज चालू असते. दोषाचे मूळ पुष्कळदा बेइमानीत नसून घाईत असते. मात्र घाईचा फायदा एकाने घ्यायचा आणि ओल दुसऱ्याने सोसायची, हा हिशेब कोणत्याही खतावणीत बसत नाही.

एक कर्जदार आठवतो

इथे मला माझ्याच एका चुकीची कबुली दिली पाहिजे. शाखाधिकारी असताना माझ्यासमोर एक कर्जदार येऊन बसला होता. शाळेत शिक्षक. घराचे कर्ज आमच्या शाखेतून मंजूर झालेले, शेवटचा हप्ता बिल्डरला द्यायचा बाकी. तो म्हणाला, ‘साहेब, छत गळतंय. दुरुस्ती होईपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका.’ बिल्डरचे मागणीपत्र माझ्या टेबलावर होते, मूल्यांकन करणाऱ्याचा ‘काम पूर्ण’ असा अहवाल जोडलेला होता. मी त्याला नियम समजावून सांगितला. ‘हा तुमच्या दोघांतला प्रश्न आहे. बँकेला त्यात पडता येत नाही.’ तो उठून गेला. त्याच दुपारी मी धनादेशावर सही केली.

नियमाने मी चुकलो नव्हतो. बँक जमिनीचे हक्क तपासते, नकाशाची मंजुरी पाहते, काम किती टक्के झाले हे मोजते. ते कसे झाले, हा रकाना आमच्या अर्जात नव्हता. पण बँकेला पडता येत नसले तरी त्या माणसाला एक लेखी तक्रार करायला सांगणे, त्याची प्रत फाइलला लावून घेणे, बिल्डरला एक फोन करणे, एवढे मला करता आले असते. माझ्या भिंतीवर डाग उमटला तेव्हा मला पहिल्यांदा तो शिक्षक आठवला.

कारण पैशाचा ओघ पाहिला की साऱ्या प्रकरणाचे मर्म कळते. महाराष्ट्रात ‘महारेरा’च्या आदर्श करारनाम्यात हप्त्यांची कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाले की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०, आणि लिफ्ट, पंप, वीजजोडणी झाली की ९५ टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डरकडे गेलेली असते. चावी घेण्याच्या दिवशी घेणाऱ्याच्या हाती उरतात अवघे पाच टक्के, आणि तेही दिल्याशिवाय चावी मिळत नाही. हप्ता अडवून धरावा म्हटले तर उशिराचे व्याज आपल्यालाच भरावे लागते. म्हणजे घराची चावी आपल्या हातात येते त्याच क्षणी बिल्डरवर वचक ठेवण्याची आपली किल्ली आपल्या हातातून जाते. कालपर्यंत ‘या, बसा, काय घेणार’ म्हणणारी कचेरी दुसऱ्या दिवसापासून ‘साहेब साइटवर आहेत’ म्हणू लागते. यात नवल काही नाही. येणे वसूल झालेल्या खातेदाराची फाइल आम्हीसुद्धा खालच्या कप्प्यातच ठेवत असू.

कायदा काय देतो?

ही गेलेली किल्ली कायद्याने काही अंशी परत दिलेली आहे. आपल्याकडे १९६३च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमात, ताब्यानंतर तीन वर्षांत दाखवून दिलेले दोष बिल्डरने शक्य तिथे विनामूल्य दुरुस्त करावेत अशी तरतूद आहे. ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांत किती बिल्डर सुखाने नांदले असतील, याची कल्पना वाचकांनी करावी! १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे की नाही यावर वाद झाला, आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सेवाच असल्याचा निर्वाळा दिला. सदोष घर ही सदोष सेवा ठरली आणि ग्राहक मंचाचे दार उघडले.

मोठा बदल झाला तो २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘रेरा’ म्हणतो त्याने. त्याच्या १४व्या कलमाचे तिसरे पोटकलम प्रत्येक घरमालकाने स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावे असे आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातला दोष, किंवा कारागिरी, दर्जा, सेवासुविधा यांतला कोणताही दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत कोणताही जादा आकार न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क.

‘अहो, खांबाला तडा गेला तरच आमची जबाबदारी, ओल म्हणजे देखभालीचा प्रश्न’ असे कोणी सांगितले तर कायद्यातला ‘कारागिरी’ हा शब्द पुढे करावा. ‘आता सोसायटी झाली, इमारत तुमच्या नावावर झाली, आमचा संबंध संपला’ असे म्हटले तर अकराव्या कलमातले परंतुक दाखवावे. अभिहस्तांतरण झाल्यावरही या पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवरच राहते. २०२२च्या डिसेंबरात महारेराने आदर्श करारनाम्यातली जी कलमे बिल्डरला बदलता येणार नाहीत असे बजावले, त्यांत दोषदायित्वाचे कलम आहे.

बिल्डर ऐकतच नसेल तर महारेराकडे तक्रार करता येते, तिचे शुल्क पाच हजार रुपये. त्याआधी सलोखा मंचाचा मार्ग आहे. २०१८पासून चालू असलेल्या या मंचावर ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी बसून समेट घडवतात. ग्राहक आयोगाचे दारही बंद झालेले नाही. रेरा असला तरी ग्राहकाला तिकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. मात्र ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. ‘पावसाळा संपू द्या’, ‘दिवाळी होऊ द्या’ असे ऐकत बसलेल्याची ही दोन वर्षे कधी सरतात ते त्याला कळतही नाही.

कायदा असा भरभक्कम आहे. मग घरोघरी ओल का? मला उत्तर सापडले ते आमच्या जिन्यात.

शेजाऱ्यांचे मौन

२०२४च्या जुलैत पुण्यात पावसाने कहर केला. रंगाखालचा डाग पुन्हा वर आला, या खेपेला दोन्ही खोल्यांत. मी तोवर चार पत्रे पाठवली होती. चारांचीही पोच माझ्याकडे होती, उत्तर एकाचेही नव्हते. आमच्या इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडे. पश्चिमेकडच्या चौदा घरांना ओल असणार हे उघड होते. मी घरोघर फिरलो, आणि जे ऐकले ते बँकेतल्या छत्तीस वर्षांत ऐकले नव्हते.

‘आमच्याकडे तसं काही नाही हो’, असे एक जण दारातच म्हणाले. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकवून नवे कोरे कापडी चित्र लावलेले होते, फरशीपासून छतापर्यंत. दुसऱ्यांनी भाडेकरूचे कारण सांगितले. तिसरे म्हणाले, ‘काका, बोभाटा झाला की भाव पडतो. आम्हाला वर्षभरात विकायचं आहे.’ एका ताईंनी अगदी हळू आवाजात सांगितले, ‘आमच्या यांनी आत फर्निचर करताना भिंत थोडी फोडली होती. तक्रार केली तर तेच काढतील.’ त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. परवानगीवाचून भिंतीत किंवा खांबात तोडफोड केली तर दोषदायित्व संपेल, असे अनेक करारनाम्यांत लिहिलेले असते. पहिल्या फेरीत सह्या मिळाल्या पाच.

बिल्डरचा सर्वांत मोठा मित्र त्याचा वकील नव्हे, आपले हे मौन आहे. एकटा फ्लॅटधारक तक्रार करतो तेव्हा बिल्डर म्हणतो, ‘बाकी कोणाची तक्रार नाही, तुमच्याच वापरात काही चूक असेल.’ आणि बाकीचे गप्प असतात, ते आपल्या घराची किंमत राखण्यासाठी. पण जी भिंत बाहेरून गळते ती सगळ्यांची मिळून एकच भिंत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या भेगेतले पाणी दुसऱ्या मजल्यावर उतरते, तेव्हा ते कोणाला विकायचे आहे आणि कोणाला राहायचे आहे ते पाहत नाही.

गच्चीवर सभा भरली. आरडाओरडा झाला. शेवटी मी एवढेच विचारले, ‘ज्यांना विकायचे आहे त्यांनी सांगावे, गिऱ्हाईक घर बघायला पावसाळ्यात आले तर आपण त्याला ही भिंत दाखवू का?’ कोणी बोलले नाही. मग त्या शिक्षकाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. सांगताना मला बरे वाटले असे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घर विकणारे गृहस्थ स्वतः वर आले आणि कागदावर सही करून गेले. आठवडाअखेर सह्या झाल्या एकोणीस. त्यांतल्या काही पूर्वेकडच्या, कोरड्या घरांच्या होत्या. त्या मला अधिक मोलाच्या वाटतात.

पाचवे पत्र एकोणीस सह्यांचे गेले. सोबत घराघराची यादी, तारखेसह छायाचित्रे, आणि पदरचे पैसे घालून एका स्वतंत्र अभियंत्याकडून घेतलेला अहवाल. १४व्या कलमाचा उल्लेख आणि ३० दिवसांची मुदत. पंचविसाव्या दिवशी बिल्डरच्या कचेरीतून फोन आला. ‘माणुसकीच्या नात्याने’ काम करून द्यायला ते तयार होते! फक्त काम सुरू करण्याआधी ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ असे लिहून हवे होते. आम्ही नकार दिला. झालेल्या कामाची पावती देऊ, न झालेल्या तक्रारींची नाही. या एका वाक्यावर तीन महिने आणि आणखी पाच पत्रे खर्ची पडली. २०२५च्या जानेवारीत परांची उभी राहिली. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच दाखल झाला, आणि आमची भिंत कोरडी राहिली. चौथ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघराची गळती मात्र अजून तशीच आहे. अकरावे पत्र त्याबद्दलचे आहे. आमची पाच वर्षे २०२७च्या ऑक्टोबरात पुरी होतात. तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली आहे.

चार व्यवहाराच्या गोष्टी

मी वकील नाही. अनुभवावरून सांगतो. ताबा घेण्याआधी घर दिवसाउजेडी, सावकाश, जाणकाराला बरोबर घेऊन पाहावे. शक्य असेल तर पावसाळ्यात पाहावे. काठीच्या टोकाने फरशा ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकावे. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की दाराकडे येते हे बघावे. खिडक्यांच्या खालचा दगड हाताने चाचपावा. ज्या उणिवा सापडतील त्यांची यादी करून बिल्डरकडून तिच्यावर पोच घ्यावी.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घ्यावा असे कायदाच सांगतो, तेव्हा ताबा टाळू नये. पण ‘तक्रार नाही’ असे छापलेल्या कागदावर कोरी सही करू नये. ‘सोबतच्या यादीतील उणिवांच्या अधीन राहून’ एवढे शब्द आपल्या हाताने लिहावेत. कोणी चावी अडवलीच तर त्याच दिवशी तसे पत्र पाठवावे.

फोनवर बोलावे, गोड बोलावे, पण बोलणे झाले की त्याचे दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावा. ‘आज आपले असे बोलणे झाले.’ बँकेत आम्ही म्हणत असू, की जे फाइलला नाही ते घडलेच नाही. रंगारी पाठवला तर त्याला परत पाठवू नये, पण रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे हे लिहून कळवावे. आत तोडफोड करायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. आणि हे सगळे एकट्याने करू नये.

पाच टक्क्यांचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. माझ्या नोकरीच्या काळात मी ठेकेदारांच्या वतीने अनेक बँक हमीपत्रे दिली. सरकार रस्ता किंवा पूल बांधून घेते तेव्हा ठेकेदाराची काही रक्कम दोषदायित्वाच्या काळापर्यंत रोखून धरते किंवा तेवढ्याची हमी मागते. गंमत अशी, की बिल्डरही आपल्या ठेकेदाराचे सगळे पैसे देत नाही. त्याच्या प्रत्येक बिलातून काही टक्के कापून ठेवतो, आणि दोष निघाला नाही तरच सोडतो. म्हणजे या साखळीत जो जो शहाणा आहे, तो तो काही पैसे हातात राखून आहे. ज्याने आयुष्याची पुंजी घातली, त्या शेवटच्या माणसाच्या हातात मात्र दमडीही राहत नाही. त्याच्या हाती राहते ते फक्त एक कलम, आणि ते वापरायचे तर त्याला वादी व्हावे लागते. आदेश मिळाला तरी बिल्डर पैसे देत नसेल तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची, म्हणजे पुन्हा जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या.

रेराने घरमालकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, ही फार मोठी सुधारणा होती. पण ते खाते बांधकामासाठी आहे. काम जसजसे पुरे होते तसतसे पैसे निघतात आणि घर तयार होते तेव्हा खाते रिकामे होते. पाच वर्षांची जबाबदारी खरी सुरू होते ती त्या दिवसापासून. मला वाटते, त्या खात्यातला थोडासा हिस्सा, दोनतीन टक्के का होईना, ताब्यानंतर पाच वर्षे तिथेच राहावा, त्यावर बिल्डरला व्याज मिळावे, आणि दोष निघून दुरुस्त झाला नाही तर त्यातून खर्च व्हावा. चांगल्या बिल्डरचे यात काही जात नाही, त्याला पैसे व्याजासह परत मिळतात.

हे काही जगावेगळे नाही. फ्रान्समध्ये १९७८च्या कायद्याने बांधणाऱ्यावर गंभीर दोषांसाठी दहा वर्षांची जबाबदारी टाकली आणि तिचा विमा सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये बहुतेक नव्या घरांना दहा वर्षांच्या हमीचे कवच असते. पहिली दोन वर्षे बांधणाऱ्याने दुरुस्ती करायची, पुढे मोठ्या दोषांसाठी विमा. तिथेही तक्रारी आहेतच, पण कोणाच्या तरी पैशावर हात ठेवता येतो.

आणि प्रश्न फक्त पोपड्यांचा नाही. २०२२च्या फेब्रुवारीत दिल्लीजवळ गुरुग्राममधल्या एका उंच, नव्या म्हणाव्या अशा इमारतीत वरच्या मजल्याचा भाग खालच्या मजल्यांवर कोसळत गेला आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पुढे आयआयटीच्या तज्ज्ञांनी त्या इमारतीच्या काँक्रीटमधले दोष दाखवून दिले. काँक्रीटमधल्या सळईला गंज चढतो तो आतल्या आत. लोखंड फुगते, काँक्रीटला तडा जातो, तड्यातून आणखी पाणी जाते. प्रत्येक ओल तिथवर जाते असे नाही. पण ओलीवर रंग मारणारा, मग तो बिल्डर असो की घर विकायला काढलेला मालक, आपण नेमके काय झाकतो आहोत हे जाणत नसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दाराशी खालच्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड आले. ज्यांना घर विकायचे होते त्यांचेच घर या तरुण जोडप्याने घेतले. मुलीने विचारले, ‘काका, आधीच्या मालकांनी आम्हाला एक फाइल दिली आहे. सगळी पत्रं, फोटो, दुरुस्तीचे कागद. म्हणाले, काही लागलं तर वरच्या काकांना विचारा. ही फाइल ठेवायची ना?’

मी म्हटले, ठेवायची. आणि २०२७पर्यंत तिच्यात भर घालायची.